वरून बघताना

निवतीला शूटिंग आलं तेव्हा
मला थर्माकोलची शीट धरायचं काम मिळालं.
दिवसाचे तीनशे, दुपारी युनिटबरोबर उसळ-पाव.
सूर्याकडून उजेड घ्यायचा
आणि नायिकेच्या हनुवटीखाली हळूच सोडायचा,
सुरमईची तुकडी कढईत सोडतात तसा,
तेल उडू न देता.

कॅमेऱ्यावर नर्गोलकर मॅडम होत्या.
गळ्यात लाइटमीटर, बोलणं कमी.
एकदा चहा पिताना वाळूत काडीने
त्यांनी माझ्यासाठी रेघा मारल्या:
कॅमेरा वाळूत पुरला की ट्रॉलरचा मालक माडाएवढा होतो,
वर चढवला की तोच कुर्लीएवढा.
चेहऱ्याची एकच बाजू उजळली तर समजावं
बाई काहीतरी लपवते आहे.
मी मान डोलावली.
सावली म्हणजे जाळं शिवायला बसायची जागा,
तोवर मला एवढंच माहीत.

तिसऱ्या दिवशी रात्र करायची होती,
दुपारी बाराला.
निळी काच लावली, भिंगाचं तोंड बारीक केलं,
समुद्र क्षणात शाई.
मॉनिटरभोवती सगळे वा वा करू लागले
आणि मागून जानू तांडेल म्हणाला,
"रात ही? मगे तिची सावली पायाबुडाक कशी?"
कुणी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.
त्यांनी नायिकेला होडीच्या आडोशाला बसवलं,
तिची सावली होडीच्या सावलीत बुडवली,
आणि जानूला विचारलं,
"तुम्ही काय करता?"

जानू बघतो. तोच त्याचा धंदा.
चाळीस वर्षं किल्ल्याच्या टेकाडावर उभा राहून
रापणीसाठी पाणी बघतो.
तारली आली की पाण्याला जांभळट डाग पडतो.
ढगाची सावलीही तशीच असते,
पण ती वाऱ्याबरोबर चालते,
मासा वाऱ्याला विचारत नाही.
मग पंचा हलवायचा, एकदा डावीकडे, दोनदा उजवीकडे,
खाली होडी वळते.
आणि काळोखाच्या रात्री पाणी आतूनच पेटतं,
माशाच्या पाठीने ओढलेली हिरवट रेघ.
मॅडमनी विचारलं, ते टिपता येईल का?
"तुमचे दिवे थंय नुको," जानू म्हणाला.
"दिवो लावलास तर तो उजेड दिसाचो नाय."

शेवटचा शॉट टेकाडावरून होता.
नायकाचं सगळं गेलेलं,
रिकाम्या किनाऱ्यावर तो मुंगीएवढा.
मॅडमनी जानूला भिंगाला डोळा लावू दिला.
"बघा," त्या म्हणाल्या, "हरलेला माणूस."
जानूने ऐकलं, हरवलेला.
नायकाकडे त्याचं लक्षच नव्हतं.
चौकटीच्या डाव्या कडेला, पाण्यात,
दुसऱ्या होडीत त्याचा झील सुक्या, लाल बनियन घातलेला,
तांदळाच्या दाण्याएवढा.
"हरवलो नाय," जानू म्हणाला. "माका दिसता."

मॅडम काही बोलल्या नाहीत.
दिग्दर्शक खालून कट कट ओरडत होता,
त्यांनी कॅमेरा चालूच ठेवला.
लाल ठिपका खडकाआड जाईपर्यंत.

कुडाळला सिनेमा लागला तेव्हा मी मोजलं:
नऊ सेकंद, त्यावर सनई.
ठिपका दिसतो, पण माहीत असेल तरच.

आता मी लग्नांचं शूटिंग करतो. ड्रोन घेतलाय, हप्त्यावर.
पाठवणीच्या वेळी तो वर जातो,
मांडव चटईएवढा होतो, गाडी काडेपेटीएवढी,
माणसं मोहरीसारखी सांडलेली.
एडिटिंगवाला अनंता प्रत्येक वेळी म्हणतो,
हा शॉट लांबतो रे तुझा, कापू का?
मी त्याला कापू देत नाही, कारणही सांगत नाही.

काल परुळ्याला तसाच वर ठेवला होता.
बॅटरी वीस टक्के.
खाली विहिरीपाशी कुणीतरी एकटं उभं,
वर बघून हात हलवत होतं.
नवरीचा बाप असावा.
की दुसराच कुणी,
अजून स्क्रीनवर मोठं करून बघितलं नाही.